ज्वारीचा पूर्ण लांबीचा जीन पीसीआरमध्ये येतच नाही? अॅनिलिंग टेंपरेचर बदलायच्या आधी हे तपासा

प्रॉब्लेम असा असतो की ज्वारीच्या रोपातून आरएनए काढला, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) केलं, अॅक्टिनचा (तपासणीसाठी सगळे वापरतात तो नेहमीचा जीन) बँड एकदम झक्कास आला, आणि आपल्याला हवा तो एन्झाइमचा जीन पूर्ण लांबीचा पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, उचलायला गेलं की जेलवर एकतर काहीच नाही, नाहीतर खाली पाचशे-सहाशे बेसच्या आसपास भलताच बँड, नाहीतर नुसता स्मिअर, म्हणजे पसरलेला डाग. मग टेंपरेचर दोन डिग्री वर, दोन डिग्री खाली, ग्रेडियंट लाव, मॅग्नेशियम वाढव, सायकल वाढव, प्रायमर (तुकड्याच्या टोकांना चिकटणारे छोटे डीएनए) नवे मागव, आणि यात अख्खं सेमिस्टर निघून जातं. पाषाण रोडवरच्या लॅब असोत, विद्यापीठ असो की शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय, पुण्यात जिथे जिथे तृणधान्यांवर काम चालतं तिथली पोरंपोरी हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा नीट सविस्तर लिहून ठेवते.

माझं म्हणणं आधीच सांगते. यातल्या बहुतेक केसमध्ये अॅनिलिंगचा, म्हणजे प्रायमर चिकटायच्या तापमानाचा, काही संबंधच नसतो. जीनचं पुढचं टोक, म्हणजे फाइव्ह प्राइमकडचा भाग, सीडीएनएमध्ये उतरलेलाच नसतो, किंवा उतरलाय पण पीसीआरमध्ये त्याचे दोन धागे सुटे होत नाहीत. हे दोन वेगळे आजार आहेत, दोघांचं औषध वेगळं आहे, आणि कुठला झालाय ते एका दुपारच्या कामात कळतं.

उदाहरणासाठी धुरिनचे जीन घेऊ, कारण ज्वारीवाल्यांना ते जवळचे. कोवळी ज्वारी किंवा पाण्याचा ताण बसलेले पोंगे जनावरांनी खाल्ले की किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती या धुरिनमुळे. टायरोसिनपासून धुरिन बनतं आणि त्याला तीन एन्झाइम लागतात. सीवायपी७९ए१ टायरोसिनचं ऑक्झाइम करतं, सीवायपी७१ई१ त्यापासून पुढचं मँडेलोनायट्राइल करतं, आणि यूजीटी८५बी१ त्याला ग्लुकोज चिकटवतं. पानात धुरिन असतं एपिडर्मिसच्या व्हॅक्युओलमध्ये आणि ते तोडणारं धुरिनेज असतं आतल्या मेसोफिलमध्ये, जनावरानं चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. या तिन्ही एन्झाइमचे जीन ज्वारीच्या एक नंबरच्या क्रोमोसोमवर एकमेकांच्या जवळच बसलेत. २००१ मध्ये कोपनहेगनच्या ग्रुपनं हे तिन्ही जीन अरॅबिडॉप्सिसमध्ये घातले आणि त्या झाडात खरंच धुरिन बनायला लागलं, पानं खाणारे भुंगेरे ती पानं टाळायला लागले. सांगायचा मुद्दा, या जीनवर आपल्याकडे कामाला भरपूर वाव आहे, मालदांडीसारख्या चाऱ्यालाही चालणाऱ्या वाणावर तर नक्कीच, आणि ते काम पहिल्याच पायरीवर अडकून पडावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता अडकतं कशामुळे ते बघा. सीवायपी७९ए१ हे ५५८ अमिनो आम्लांचं प्रोटीन, म्हणजे स्टॉप कोडॉन धरून कोडिंग भाग झाला १६७७ बेसचा. आपण सीडीएनए करताना बहुतेक जण ऑलिगो डीटी हा प्रायमर वापरतो, तो बसतो आरएनएच्या शेपटीला, पॉली ए वर. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, तिथून निघतं आणि जीनच्या सुरुवातीकडे सरकत जातं, म्हणजे सुरुवातीचा भाग त्याला सगळ्यात शेवटी लागतो. त्यात गवतवर्गातल्या, म्हणजे ज्वारी, मका, भात, गहू यांच्या पुष्कळशा जीनमध्ये जीसीचं (एकमेकांना घट्ट धरणाऱ्या जी आणि सी या बेसचं) प्रमाण सुरुवातीला सगळ्यात जास्त असतं आणि पुढे पुढे कमी होत जातं. म्हणजे एन्झाइम दमत आलेलं असताना नेमका तेव्हाच सगळ्यात अवघड घाट समोर येतो. आरएनए तिथे स्वतःवरच घडी घालून बसलेला असतो, एन्झाइम तिथे पोचतं आणि सुटून पडतं. अरॅबिडॉप्सिससाठी लिहिलेला प्रोटोकॉल ज्वारीला चालत नाही तो यामुळे, त्या बिचाऱ्या जीनना ही अडचण एवढी नसतेच.

आणि अॅक्टिन? अॅक्टिनचे प्रायमर बहुतेक लॅबमध्ये क्यूपीसीआरसाठी (जीन किती चालू आहे ते मोजायच्या पीसीआरसाठी) मागवलेले असतात, दीडशे-दोनशे बेसचा तुकडा, बऱ्याचदा शेपटीकडचा. तो अर्धवट सीडीएनएमधूनही येतो, तुटक्या आरएनएमधूनही येतो, आणि डीएनेज (आरएनएमध्ये राहिलेला डीएनए तोडायची पायरी) नीट झालं नसेल तर जीनोमिक डीएनएमधूनसुद्धा येऊ शकतो. त्यामुळे अॅक्टिन आलं म्हणजे सीडीएनए चांगलं हे गृहीत धरणं आधी बंद करा. अॅक्टिन आल्यावर एवढंच कळतं की ट्यूबमध्ये काहीतरी आहे.

खरी तपासणी आपल्याच जीनवर करायची. दोन छोटे तुकडे ठरवा, प्रत्येकी दोनशे-अडीचशे बेसचे, एक जीनच्या अगदी सुरुवातीचा आणि एक शेवटाकडचा, दोन्ही एकेका एक्झॉनच्या आतच बसतील असे, म्हणजे मधे इंट्रॉन (आरएनए तयार होताना कापून टाकला जाणारा भाग) येणार नाही. मग हे दोन्ही तुकडे तीन टेंप्लेटवर लावा, एक तुमचं सीडीएनए, दुसरं त्याच आरएनएचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता केलेलं रिअॅक्शन, आणि तिसरं त्याच वाणाचा जीनोमिक डीएनए. शिवाय नुसत्या पाण्याचा कंट्रोल तर हवाच. प्रायमर सोडले तर खर्च काही नाही.

जेल चालवल्यावर वाचायचं असं. जीनोमिकवर दोन्ही तुकडे आले, सीडीएनएवर शेवटचा आला पण सुरुवातीचा नाही, तर पीसीआर निर्दोष आहे, तुमचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन अर्ध्यात थांबतंय. सुरुवातीचा तुकडा जीनोमिकवरही येत नाही तर आरएनए-सीडीएनएला हात लावू नका, तिथे एकतर जीसी नडतंय नाहीतर तुमच्या वाणात प्रायमरच्या जागेवर फरक आहे. जीनोमिकवर दोन्ही आले आणि सीडीएनएवर एकही नाही, तर त्या टिश्यूत हा जीन चालूच नसण्याची शक्यता जास्त, किंवा आरएनए खराब. आणि एन्झाइम न घातलेल्या लेनमध्ये बँड दिसला तर बाकी काही वाचायच्या भानगडीत पडू नका, डीएनेज परत करा, कारण मग सीडीएनएची लेन काय सांगतेय त्यावर विश्वासच ठेवता येत नाही. हा शेवटचा कंट्रोल सगळ्यात जास्त वगळला जातो आणि सगळ्यात जास्त घोळ तोच वगळल्यानं होतो.

टिश्यूचं आधी उरकते. धुरिनच्या जीनसाठी पिकलेला दाणा घेऊ नका, दाण्यात धुरिन जवळजवळ नसतंच, म्हणून तर आपण भाकरी निर्धास्त खातो. वर दाण्यातला स्टार्च आरएनए काढताना जीव खातो तो वेगळाच. अंधारात २८ डिग्रीला उगवलेली तीन-चार दिवसांची पिवळी रोपं घ्या, तेव्हा हे जीन जोरात चालू असतात. मे महिन्यात पुण्यात रूम टेंपरेचर म्हणजे ३८ सुद्धा असू शकतं, त्यामुळे रोपं बेंचवर ठेवू नका, इनक्युबेटर वापरा. रोपांत सायनाइड बनतंय का हे बघायला पिक्रेट पेपरची जुनी टेस्ट पुरते, सोडियम पिक्रेटमध्ये भिजवलेली पिवळी पट्टी बंद ट्यूबमध्ये ठेचलेल्या रोपाच्या वर लटकवायची, सायनाइड असेल तर ती विटकरी लाल होते. हे फ्युम हूडमध्येच करा आणि पिक्रिक अॅसिड कधीही वाळू देऊ नका, सुकं झालं की ते स्फोटक असतं. बी मात्र खात्रीचंच घ्या, कृषी विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रातलं वगैरे. मार्केट यार्डातून मालदांडी म्हणून आणलेली ज्वारी खायला उत्तम असेल, पण तिच्यात किती वाण मिसळलेत हे कोणी सांगू शकत नाही, आणि मग सिक्वेन्समध्ये फरक दिसला की तो कुठून आला हे शेवटपर्यंत कळत नाही. बियाण्याला बुरशीनाशकाचा रंग असेल तर तो आधी धुऊन काढा.

आरएनएबद्दल एकच गोष्ट सांगते, बाकी सगळ्यांना माहीत असतं. हिरव्या पानाचा आरएनए जेलवर चालवला की २५एस आणि १८एस या रायबोसोमच्या मुख्य बँडच्या खाली अजून काही बँड दिसतात, ते क्लोरोप्लास्टच्या रायबोसोमचे असतात, आणि क्लोरोप्लास्टचा २३एस तर नॉर्मल अवस्थेतच तुकड्यांत असतो. पुष्कळ जण हे बघून आरएनए तुटला म्हणून चांगला आरएनए टाकून देतात. अंधारातल्या रोपांत हे बँड कमी असतात, म्हणून जेल वाचायलाही सोपं जातं. शुद्धता दाखवणारा २६०/२३० चा आकडा खाली येत असेल तर पॉलिसॅकराइड किंवा ग्वानिडीन राहिलंय, मग लिथियम क्लोराइड शेवटी २ मोलर होईल असं घालून चार डिग्रीला रात्रभर ठेवा आणि सकाळी खाली बसवा, साखरेची बरीचशी घाण वर राहते आणि छोटे आरएनएही जातात.

आता पहिला आजार, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन अर्ध्यात थांबणं. एम-एमएलव्ही हे साधं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज ३७ किंवा ४२ डिग्रीला चालवलं जातं, आणि ४२ ला जीसीवाल्या आरएनएच्या घड्या सुटत नाहीत. आरएनेज एच (सीडीएनए बनताना आरएनए तोडणारा भाग) नसलेलं, ५० ते ५५ डिग्रीला टिकणारं एन्झाइम घ्या. महाग असतं, मान्य आहे, पण चार जणांनी मिळून एक पॅक घेतला तरी चालतं, एका जीनला मोजकीच रिअॅक्शन लागतात. एन्झाइम घालायच्या आधी आरएनए, प्रायमर आणि डीएनटीपी ६५ डिग्रीला पाच मिनिटं आणि तिथून थेट बर्फात. थेट म्हणजे थेट, बर्फाचा डबा मशीनच्या शेजारी पाहिजे, कारण हळूहळू थंड झालं तर घड्या परत बसतात आणि ती पायरी केली न केली सारखीच होते. ऑलिगो डीटीच्या ऐवजी जीनचाच रिव्हर्स प्रायमर, स्टॉप कोडॉनच्या थोडा पुढे यूटीआरमध्ये (कोडिंग भागाच्या बाहेर) बसणारा, वापरला तर एन्झाइमचं अंतर कमी होतं आणि फालतू सीडीएनएही कमी बनतं. रँडम हेक्झामर घातले तर सुरुवातीचा तुकडा येईल खरा, पण पूर्ण लांबीचा रेणू त्यातून मिळेलच असं नाही, म्हणून दोन्ही छोटे तुकडे आले पण पूर्ण येत नाही असं झालं की आधी सीडीएनए कशावर केलं होतं ते आठवा.

एन्झाइम जिवंत आहे का हेही बघा. उन्हाळ्यात पार्सल आलं आणि आतला बर्फ वितळलेला असेल तर फोटो काढून तेव्हाच परत करा, ठेवून घेऊन मग रडण्यात अर्थ नाही. आणि पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाणार हे गृहीत धरून रात्रभराचं काही बुधवारी लावू नका, मायनस वीसचा फ्रीज जनरेटरवर आहे का हे विचारून घ्या.

दुसरा आजार, पीसीआरमध्ये धागे सुटे न होणं. टॅक या साध्या पॉलिमरेजनं (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमनं) आणि ९४ डिग्रीनं हे होणार नाही. प्रूफरीडिंग, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारं, एन्झाइम घ्या, फ्यूजन, क्यू५, केओडी, जे लॅबमध्ये असेल ते, आणि ९८ डिग्रीला सोडवा. धागे सैल करायला डीएमएसओ ३ टक्क्यांपासून सुरू करा, ५ ला बहुतेक वेळा काम होतं, १० च्या वर जाऊ नका कारण पॉलिमरेजच मंदावतं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दर एक टक्का डीएमएसओमागे प्रायमरचं मेल्टिंग साधारण अर्ध्या डिग्रीपेक्षा थोडं जास्त खाली येतं, म्हणजे ५ टक्के घातलं तर अॅनिलिंग तीन डिग्री उतरवावं लागतं, नाहीतर डीएमएसओनं काही फरक पडला नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. डीएमएसओनं नाही भागलं तर बीटेन, शेवटी १ मोलर होईल असं. बीटेन हायड्रोक्लोराइड नको हां, नुसतं बीटेन, हायड्रोक्लोराइडनं बफरचा पीएच पार बिघडतो. फ्यूजनबरोबर जीसी बफर येतो तो वापरून बघा, त्यात चुकांचं प्रमाण एचएफ बफरपेक्षा थोडं जास्त आहे पण टॅकपेक्षा कितीतरी कमीच.

फॉरवर्ड प्रायमर एटीजीपासूनच सुरू करायचा हट्ट पहिल्या राउंडला करू नका. तिथे जागा निवडायचं स्वातंत्र्य नसतं, जसा सिक्वेन्स असेल तसा घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक जीसीनं भरलेला असतो. आधी यूटीआरमध्ये जरा बऱ्या जागी प्रायमर टाका, लांब तुकडा काढा, आणि त्याला पातळ करून दुसऱ्या राउंडला एटीजीवाला, रिस्ट्रिक्शन साइट लावलेला प्रायमर वापरा. डेटाबेसवर आपण जो जीनोम बघतो तो २००९ मध्ये आलेला बीटीएक्स६२३ या लाइनचा, आपल्या रब्बीच्या ज्वारीचा नाही. मालदांडीत एखादा बेस वेगळा असू शकतो, आणि तो नेमका प्रायमरच्या थ्री प्राइम टोकाला आला तर काहीही केलं तरी बँड येत नाही. अशा वेळी सुरुवातीच्या भागात अजून दोन-तीन प्रायमर पुढेमागे टाकून जीनोमिकवर बघा, एखादा तरी लागतोच. ज्वारी डिप्लॉइड आहे हे आपलं नशीब, गव्हावर काम करणाऱ्यांना ए, बी आणि डी अशा तीन जीनोममधल्या जवळपास सारख्या तीन प्रती वेगळ्या करत बसावं लागतं.

एवढं करूनही पूर्ण तुकडा येत नसेल तर अडून बसू नका, दोन अर्धे तुकडे काढा, मधे दोनशे बेसचा सामाईक भाग ठेवा आणि ओव्हरलॅप पीसीआरनं जोडा. हा आडमार्ग बिलकुल नाही, रास्त पद्धत आहे. अट एवढीच की दोन्ही तुकडे सिक्वेन्स करून सामाईक भाग तंतोतंत जुळतो हे आधी बघायचं, कारण पी४५० ची (सीवायपी एन्झाइमांची) फॅमिली मोठी आहे आणि एक अर्धा एका भावाचा, दुसरा दुसऱ्याचा असा जोड लागला तर ते एन्झाइम निसर्गात कुठेच नसतं.

बँड आला की पुढे हमखास दोन ठिकाणी गाडी अडते. एक म्हणजे टीए क्लोनिंगमध्ये एकही पांढरी कॉलनी नाही. फ्यूजन, क्यू५ वगैरे टोक बोथट ठेवतात, ए शेपटी लावत नाहीत, त्यामुळे टी व्हेक्टरला काही चिकटतच नाही. प्रॉडक्ट कॉलमनं साफ करा, मग टॅक आणि डीएटीपी घालून ७२ डिग्रीला वीस मिनिटं ठेवा. साफ न करता टॅक घातलं तर आधीचं प्रूफरीडिंग एन्झाइम ती शेपटी परत कुरतडून टाकतं. नाहीतर सरळ ब्लंट व्हेक्टर वापरा.

दुसरी जास्त फसवी आहे. कॉलन्या येतात पण प्रत्येकीत इन्सर्ट उलट्या दिशेनं, किंवा सरळ दिशेच्या प्रत्येकीत कुठेतरी फ्रेम तुटलेली. असं दिसलं की समजा, ई. कोलायला ते प्रोटीन सोसत नाहीये. पी४५० पुढच्या टोकानं पडद्यात रुतणारं प्रोटीन आहे, प्रमोटर (जीन चालू करणारा भाग) थोडा जरी गळत असला तरी ज्या पेशीत जीन नीट बसलाय ती मागे पडते आणि ज्यात तो मोडलाय ती फोफावते. प्लेटमध्ये आणि ब्रॉथमध्ये १ टक्का ग्लुकोज घाला, ३७ च्या ऐवजी ३० डिग्रीला वाढवा, कमी कॉपीचा प्लाझ्मिड घ्या. छोट्या, उशिरा आलेल्या कॉलन्याही उचला, आपल्याला हवी ती बऱ्याचदा त्यांच्यातच असते.

सिक्वेन्सिंगला १६७७ बेस दोन टोकांकडून कसेबसे भागतात, मधला एक प्रायमर द्याच. सुरुवातीच्या जीसी भागात पीक एकदम कोसळले आणि प्रत्येक क्लोनमध्ये त्याच जागी कोसळले तर क्लोन खराब नाही, सिक्वेन्सिंगचं रिअॅक्शन तिथे अडखळतंय, सॅम्पल देतानाच जीसी रिच आहे असं लिहून द्या आणि उलट बाजूनंही वाचून घ्या. डेटाबेसपेक्षा वेगळा बेस दिसला तर तो वाणाचा की पॉलिमरेजचा हे ठरवायला दोन वेगवेगळ्या पीसीआरमधले क्लोन लागतात, एकाच पीसीआरमधले दहा नाही. दोन्हीत तोच फरक आणि जीनोमिकवरही तोच, तर तो वाणाचा, बिनधास्त नोंदवा. साध्या टॅकनं एवढ्या लांबीच्या जीनमध्ये साधारण क्लोनमागे एखादी चूक निघतेच, आणि ती नेमकी हीम (एन्झाइमचा लोहवाला भाग) धरणाऱ्या सिस्टीनच्या आसपास पडली तर पुढचं सगळं काम वाया.

शेवटी एन्झाइम चालतं का ते. प्रोटीन बनवताना इंडक्शननंतर २८ डिग्रीच्या वर जाऊ नका, हीमसाठी अमिनोलेव्हुलिनिक अॅसिड अर्धा मिलिमोलर घाला. एसडीएस जेलवर जाड पट्टा दिसला म्हणून थांबू नका, कार्बन मोनॉक्साइडचा डिफरन्स स्पेक्ट्रम घ्या. पीक ४५० ला आला तर प्रोटीन नीट घडलंय. ४२० ला आला तर हीमची बैठक बिघडलीय, ते प्रोटीन काम करणार नाही, त्यावर सब्स्ट्रेट वाया घालवू नका, टेंपरेचर अजून उतरवा, शेकरचा वेग कमी करा आणि परत स्पेक्ट्रम घ्या. ४५० दिसल्यावरच रिडक्टेज आणि एनएडीपीएच घालून टायरोसिनवर लावा, रिडक्टेजशिवाय सीवायपी७९ए१ ला इलेक्ट्रॉन मिळत नाहीत आणि चांगलं एन्झाइमसुद्धा मेल्यासारखं दिसतं.